वीतभर तार

"तार बॅटरीतून निघाली की वीतभराच्या आत फ्यूज. पुढं कुठं सोय होईल तिथं नाय, दिसायला बरा दिसंल तिथं नाय. निघते तिथंच. बॅटरीपास्न फ्यूजपर्यंतची तार देवाच्या भरवशावर असते. म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी."

शिवाचा आवाज. नवरा जाऊन दोन वर्षं होत आली, पण आवाज इतका जवळून आला की सत्यवतीने मागे वळून पाहिलं. मागे ओहोटीने उघडा पडलेला खाडीचा चिखल होता, चिखलापलीकडे न्हाव्याच्या धक्क्यावर जाळं सांधत बसलेले दोघे जण होते. ती स्वतः हौसाबाईच्या जळक्या बोटीत उभी होती. बोट एका कुशीवर कलंडली होती आणि सत्यवतीचा एक हात काळ्या पडलेल्या फळीला धरलेला होता.

"मिलाली का गो वयनी, आई?" हौसाबाईने खालून विचारलं.

"मिलाली."

केबिनच्या राखेतून देवीचा टाक तिने पदराने उचलला. चांदीचा पत्रा आगीने एका बाजूला वितळून मुडपला होता, पण डोळे शाबूत होते. उद्या बोटीचा सांगाडा तोडायला माणसं येणार होती. त्याआधी टाक काढायला हवा होता, आणि हौसाबाईचा पाय काही त्या बोटीत पडत नव्हता. याच केबिनमध्ये सव्वा महिन्यापूर्वी, भरदुपारी, भरतीची वाट बघत तिचा मुलगा हृतिक झोपला होता. सत्तावीस वर्षांचा. बाकीचे खलाशी जेवायला घरी गेले होते. धूर दिसला तेव्हा फार उशीर झाला होता.

"तूच ये," हौसाबाई म्हणाली होती. "तुजा हात नेमाचा हाय."

नेमाचा होता खरा. पहाटे आंघोळ करून देवापुढची समई सारखी केल्याशिवाय सत्यवतीच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. सोमवार, चतुर्थी, एकादशी चुकलेली कुणाला आठवत नव्हती. शिवा गेला त्या दिवसापासून घरातली समई तिने विझू दिली नव्हती.

टाक पदरात बांधून ती उतरायला वळली आणि तिला बॅटरीची पेटी दिसली.

पेटी अगदी तळाशी, साचल्या पाण्याजवळ, म्हणून अर्धीच जळाली होती. झाकण करपलं होतं. पण आतल्या तारा झाकणाखाली होत्या तशा होत्या. लाल, जाड, प्रत्येकीच्या टोकाला दाबून बसवलेलं तांब्याचं टोपण, थिंबल, प्रत्येकीला वीतभर अंतरावर फ्यूज. बाहेरची आग झाकणाशी येऊन थांबली होती. इंजिनाची तार, पंपाची, वायरलेसची, मासे दाखवणाऱ्या यंत्राची. सगळ्या आपापल्या जागी मुकाट.

एकच तार नागडी होती. पेटीच्या आतसुद्धा. बॅटरीच्या टर्मिनलपासूनच तिच्यावरचं प्लास्टिक वितळून गळून गेलं होतं, तांब्याला जागोजाग मणी आले होते. इंजिनाच्या लोखंडी पट्टीवरून ती वळली होती तिथे पट्टीला खड्डा पडला होता. तिथून वर, केबिनकडे, देव्हाऱ्याकडे.

बाहेरून जळलेली तार अशी नसते. ही आतून जळली होती. तीस वर्षं तारांना थिंबलं दाबलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. टर्मिनलवरचं थिंबल तिच्याच हातचं होतं. पकड तिरकी धरायची तिची खोड होती, त्यामुळे थिंबलावर दाब नेहमी जरा डावीकडे पडायचा.

ती तिथेच उकिडवी बसली.

"काय झाला?" हौसाबाईने विचारलं.

"काय नाय. पाय घसरला."

कोपऱ्यात पडलेला त्याच तारेचा वीतभर तुकडा तिने उचलला, टाकाबरोबर पदरात बांधला आणि उतरली.

*

पनवेलला उरण नाक्यावर शिवाचं वायरिंगच्या कामाचं टपरीवजा दुकान होतं. यायचे रिक्षावालेही, पण त्याचा जीव बोटींत. न्हावा, मोरा, करंजा, जिथे बोट तिथे शिवा. दुपारची जेवणं आटोपली की सत्यवती कोळीवाड्यातल्या घराच्या ओट्यावर बसून तारा कापायची, टोकं सोलायची, थिंबल चढवून पकडीने दाबायची. ओठांत नामस्मरण चालू असायचं.

"तुझा जप आणि माझी थिंबलं," शिवा म्हणायचा, "दोन्ही एकशेआठच असतात. एखादं कमी पडलं तर माझ्यातलं काप, देवातलं नको."

बोट चालवणारे नवखे तांडेल त्याच्याशी हुज्जत घालायचे. "शिवा, फ्यूज वर केबिनमदी लाव ना. उडला तर बदलायला बरा."

"वर लावतो. मग खालच्या तारेला कोण राखंल? तुझा सासरा?"

हसता हसता तो लावायचा तिथेच लावायचा. जेट्टीवर त्याच्या कामाची ओळख तीच होती. पेटी उघडली आणि प्लसच्या तारेला वीतभरावर फ्यूज दिसला की लोक म्हणायचे, हा शिवाचा हात.

हौसाबाई नात्याची नव्हती, पण राखी बांधायची. नवरा गेल्यावर तिने बाजारात टोपली घेऊन बसून पोराला वाढवलं आणि पाच वर्षांपूर्वी नवी बोट पाण्यात सोडली. तारांचं सगळं काम शिवाकडे. पूजेच्या दिवशी शेवटचं राहिलं ते देव्हाऱ्यातल्या लाल दिव्याचं. शिवाने तार ओढली, फ्यूजची डबी हातात घेतली. सत्यवती आरतीचं ताट घेऊन शेजारी उभी होती.

"ह्याला पण फ्यूज?" तिने विचारलं.

"सगळ्यांना असतो."

"उडला म्हंजे दिवा जाईल."

"जाईल. मग बदलायचा."

"भर समुद्रात आईचा दिवा विझायचा? इंजिन बंद पडलं तरी चालंल, आईचा दिवा नको पडायला. ह्याला सरळच द्या ना. बटणसुदा नको."

शिवाने तिच्याकडे पाहिलं. "अगो, फ्यूज दिव्यासाठी नसतो. तारेसाठी असतो. तार घासून लोखंडाला टेकली तर ती पेटायच्या आत तो उडतो."

"आईच्या तारेला काय होतंय?"

भोवती बायका जमल्या होत्या. हौसाबाईने हात जोडले. "दादा, वयनी सांगते तसा करा."

देवाच्या बाबतीत तो बायकोला कधी नाही म्हणाला नव्हता. तिच्या उपासांना हसला, पण साबुदाणा स्वतः आणून दिला. डबी त्याने खिशात ठेवली. तार सरळ टर्मिनलला जोडली आणि हात पुसत राहिला, बराच वेळ. दिवा लागला. बायकांनी आरती म्हटली.

त्यानंतर तीन वर्षं ती तार त्याच्या मनातून गेली नसावी. जेवताना मधेच घास हातात धरून थांबायचा. काय झालं विचारलं तर म्हणायचा, "काय नाय. हौसाची बोट आठवली."

शेवटी हृदयाचं दुखणं बळावून तो अंथरुणाला खिळला तेव्हा एके सकाळी त्याने तिला जवळ बोलावलं. खाटेखालचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा दाखवला.

"त्याच्यात करून ठेवलाय. होल्डर, फ्यूज, दोन्ही बाजूंनी तार. नुसता जोडायचाय. माझ्याच्यानं आता बोटीत उतरवणार नाय. तू त्या पोराला सांग."

"सांगते."

"सांगते नको. घालून घे."

"घालून घेते."

"समईला हात लावून सांग."

तिने समईला हात लावला.

तो गेला. वर्ष शोकात गेलं. मग एकदा उरण नाक्याच्या मच्छीबाजारात हृतिक भेटला, आईची टोपली उतरवत होता. सत्यवतीने त्याला फ्यूजचं सांगितलं.

"काकी, पावसालात बोट वर काढू ना, तवा लगेच," तो म्हणाला. "आईचा दिवा काय पलून जातो व्हय?" आणि हसला. दात फार सुरेख होते त्याचे.

तिला तेव्हा बरं वाटलं होतं. हेच तिला आता गिळवत नव्हतं. आपण शब्द पाळला, सांगितलं, असं वाटून बरं वाटलं होतं. आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, दिव्याची तार आहे तशीच राहिली म्हणूनही बरं वाटलं होतं. पावसाळा आला, बोट वर निघाली, रंग लागला, बोट पाण्यात गेली. तिने पुन्हा आठवण केली नाही. रोज पहाटे समई सारखी करताना मात्र हात जोडत राहिली.

*

चिखलातून दोघी धक्क्यावर आल्या. वाटेत तो फ्लेक्स होता. हृतिकचा लग्नातला फोटो, कुणाच्या तरी लग्नातला, गॉगल लावलेला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली मच्छीमार सोसायटीच्या नावाने लाल अक्षरांत : 'बोटीवर विडी-सिगारेट ओढू नका. एकाची चूक, सगळ्यांचं नुकसान.'

केबिनमध्ये उशाशी लायटर सापडला होता. पंचनाम्यात तेवढंच आलं आणि गावाला तेवढंच पुरलं. हौसाबाई रोज याच वाटेने मासळी उतरवून घ्यायला यायची. फ्लेक्स आला की डोक्यावरचा पदर त्या बाजूने ओढून घ्यायची. आताही तिने तसंच केलं.

पुढे नारळाखाली ती थांबली.

"वयनी, तुना एक सांगू? जल्ली कोनाला सांगता येत नाय." तिने टाकासाठी हात पुढे केला नव्हता. "नवरात्रात मी त्याला घट बसवलेला तिथं नेला. माज्या डोक्यावर हात ठेवून बोलला, आये, आजपास्न सिगरेट बंद. चार महिने मी त्याचे खिसे बघायची. काय मिलायचा नाय. मना वाटला, सोडली पोरानी." तिने नाक पुसलं. "माज्या डोक्यावर हात ठेवून खोटा बोलला. मेला त्याचा येवढा नाय लागत गो, त्याला तर देवानी नेला. पन खोटा बोलून गेला."

सत्यवतीचा हात पदराच्या गाठीवर होता. गाठीत टाक होता आणि तारेचा तुकडा होता. टाक सोडवून तिने हौसाबाईच्या ओंजळीत ठेवला. तुकडा गाठीतच राहिला.

*

शिवा गेल्यावर कोळीवाड्यातलं घर बंद करून ती मुलीकडे, स्नेहलकडे, खांदा कॉलनीत आली होती. तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीवरून आता सारखी विमानं उतरायची आणि प्रत्येक विमानाला समईची ज्योत जराशी हलायची.

स्नेहल ऑफिसातून आली तेव्हा आईने तारेचा तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज नेहमीसारखाच हळू होता. स्नेहलने पर्सही खाली ठेवली नव्हती.

"आई, पण तू शुअर आहेस?"

"थिंबल माझं आहे."

"म्हणजे पप्पांनी…" तिने वाक्य सोडून दिलं. मग बसली. "हे बघ. पप्पांनी तीस वर्षं काम केलं. एकाही बोटीत ठिणगी पडली नाही. तू हे बोललीस ना, की लोक तीस वर्षं विसरतील आणि ही एक वायर लक्षात ठेवतील. अजून लोक मला बसस्टॉपवर थांबवून सांगतात, शिवादादाची पोर ना तू. ते पण जाईल."

"जाईल."

"आणि हृतिक परत येणारे का?"

"नाही येणार."

"मग?"

"त्याची आई जिवंत आहे गं."

स्नेहल उठून खिडकीशी गेली. पाठमोरीच म्हणाली, "तुझं पण नाव येईल. इतकी देवाधर्माची बाई, म्हणतील."

"म्हणू दे. खरंच आहे ते."

जेवणं झाली. दोघीही फारसं जेवल्या नाहीत. ताटं घासताना स्नेहल एकदा म्हणाली, "पप्पा तुला नाही म्हणायला हवे होते." आणि लगेच, "सॉरी." सत्यवतीने तिच्या हातातलं ताट घेतलं आणि विसळलं.

*

दुसऱ्या दिवशी समई सारखी करून, पाण्याचा घोट घेऊन ती न्हाव्याला गेली. हौसाबाई अंगणात सुकट उलटत होती. टाक ओसरीवर तांदळात ठेवला होता, घासून उजळ केलेला, एका बाजूला मुडपलेला.

सत्यवती बसली नाही. उभ्या उभ्याच तुकडा पुढे धरला.

"ही आईच्या दिव्याची तार. आग हिच्यातून लागली. हृतिकनी काय केलं नाय."

हौसाबाईचा हात सुकटीत तसाच राहिला.

"सगल्या तारांना फ्यूज होता. हिला नव्हता. यांना घालायचा होता, मी घालू दिला नाय. मरताना मला सांगून गेले, घालून घे म्हणून. मी हृतिकला एकदा सांगितलं आणि गप बसले. मला मनातून नकोच होता."

कावळा सुकटीवर उतरला. कुणी त्याला हाकललं नाही.

"म्हंजे त्यानी वढली नव्हती?" हौसाबाईने विचारलं.

"नाय."

"लायटर?"

"देवापुढं उदबत्ती लावत असंल. माहीत नाय मला. पण आग तारेतून लागली, एवढं मी बघितलं."

"वढली नव्हती," हौसाबाई पुन्हा म्हणाली, या वेळी विचारलं नाही. ती खाली बसली, सुकटीतच. दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर ठेवले, पोराने जिथे हात ठेवला होता तिथे, आणि तशीच बसून राहिली. रडली नाही. सत्यवतीला वाटलं, ओरडावं हिने, शिव्या द्याव्यात, काहीतरी फेकून मारावं.

हौसाबाई म्हणाली, "मी बी हात जोडलेला तवा."

"मी बोलले म्हणून जोडलास."

"व्हय. तू बोललीस म्हनून." तिने मान वर केली. डोळे कोरडे होते. "तू थोडं दिवस येऊ नको वयनी. मना तुजा तोंड बघवनार नाय."

"बरं."

"मना सांगितलास ते बरा केलास. पन तो फ्लेक्स मी नाय लावला. लावला त्यांना सांग. रविवारी धक्क्यावर सोसायटीची मानसं बसतात. माजा पोर मेला तवापास्न दर रविवारी त्याचा नाव काढतात, इड्या वढू नका, हृतिकसारखा व्हईल." तिने हातांची सुकट झटकली. "सगल्यांसमोर सांगशील?"

"सांगते."

"दादाचा नाव घेशील?"

सत्यवतीने ओसरीवरच्या टाकाकडे पाहिलं. "आधी माझं घेईन. मग त्यांचं. घ्यावंच लागंल."

"सांगते नको," हौसाबाई म्हणाली, आणि सुकटीकडे वळली. "सांग."

*

रविवारी पहाटे सत्यवतीने आंघोळ केली, समईत तेल घातलं, वात सारखी केली. मग देव्हाऱ्याखालून बिस्किटांचा डबा ओढला. दोन वर्षं तो तिथे होता. ती रोज त्याच्यापुढे बसून नमस्कार करायची, पण उघडला नव्हता.

आत पकड होती, थिंबलांची पुडी होती, फ्यूजच्या काही डब्या होत्या. सगळ्यांत वर वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो होता. काळा होल्डर, आत फ्यूज, एका बाजूला लांब तार, दुसऱ्या बाजूला आखूड. आखूड तारेवर तिने आपली वीत ठेवून पाहिली. बरोबर भरली. होल्डरवर पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेनने लिहिलं होतं, अक्षर थरथरलेलं : 'हौसा. दिवा.'

बाकीच्या डब्या तिने मोजल्या नाहीत. सगळ्या पिशवीत भरल्या, पकडीसकट. पूजेनंतर वर्षभरात कितीजणींनी आपापल्या बोटीत आईचा दिवा तसाच सरळ जोडून घेतला होता, ते तिने त्या दिवसांत अभिमानाने ऐकलं होतं. नावं पाठ होती. आज धक्क्यावर आधी बोलायचं होतं, आणि मग कुणी पेटी उघडू दिली तर फ्यूज जोडायला बसायचं होतं.

काळा होल्डर मात्र तिने पिशवीत टाकला नाही. जळका तुकडा आणि तो, दोन्ही एका रुमालात बांधून कनवटीला खोचले.

स्नेहल दाराशी आली होती, झोपेतून उठलेली, केस मोकळे.

"मी येऊ?"

"नको. समईकडे बघ."

"तेल घालू मधे?"

सत्यवतीने चपला पायांत सरकवल्या.

"आठवण राहिली तर घाल," ती म्हणाली. "नाही राहिली तरी चालेल."

जिना उतरताना पिशवीतल्या डब्या एकमेकींवर आपटून बारीक वाजत होत्या. रस्त्यावर रविवारचा शुकशुकाट होता. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने तिला ओळखलं.

"कुठं, काकी? बाजारात?"

"न्हाव्याला," सत्यवती म्हणाली. "धक्क्यावर सोड." आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.